साखरपुड्यातच लग्न

वाडीत पाऊल टाकल्या टाकल्या सीताला दिसले ते तीन पासपोर्ट. पाटावर तांदूळ पसरले होते. तांदळावर सुपारी असायला हवी, तिथे तिच्या नवऱ्याचा, लक्ष्मणचा, तिचा स्वतःचा आणि लेक गायत्रीचा असे तीन पासपोर्ट ओळीने मांडलेले, आणि त्यांच्यापुढे सुभद्राबाई बोटावर ओलं कुंकू घेऊन बसलेल्या.

“आत्याबाई, थांबा!” सीता वाढप्याला ढकलतच धावली.

“कसाले थांबू व माय?” सासूबाईंनी बोट हवेतच ठेवलं. “लक्ष्मी शे ती. कुकू लावाले नको का?”

“त्याच्यावर डाग पडला ना, की विमानतळावरून लक्ष्मी माघारी पाठवतात.”

सीताने पासपोर्ट उचलले, तांदूळ झटकले आणि पर्समध्ये कोंबले. हे तिन्ही पासपोर्ट तिने स्वतः कपाटात कुलूप लावून ठेवले होते. किल्ली नवऱ्याजवळ होती. म्हणजे कुठून बाहेर आले ते विचारायची गरजच नव्हती. लक्ष्मणराव खांबाला टेकून उभे होते आणि पंख्याकडे फार मन लावून बघत होते. धुडकूभाऊंनी मागितलं आणि लक्ष्मणने दिलं नाही, असं या घरात आजवर घडलेलं नव्हतं.

धुडकूभाऊ म्हणजे लक्ष्मणचे थोरले भाऊ. गुजरातेत येऊन वसलेल्या खानदेशी मंडळींच्या, भेस्तानच्या या समाजवाडीत भाऊंच्या परवानगीशिवाय नारळ फुटत नसे. आयुष्यभर ते कारखान्यात कापडाचे ताके मोजत आले, आणि बोलायचे मात्र मालक असल्यासारखे. व्हिसा लागल्यापासून तर ते अमेरिकेचेही जाणकार झाले होते. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायला पासपोर्ट लागत नाही. आत्ताही दाराजवळ खुर्ची टाकून त्यांचा दरबार भरला होता.

“सोनं किती चालतं हो नेलेलं?” कुणीतरी विचारत होतं.

“अंगावर जेवढं मावी तेवढं.”

“आन् कळण्याचे पापड?”

“पापड, लोणचं, बिबडे, सगळं चालस. ग्रीन कार्ड विमानातच देतस, जेवणाच्या ताटासोबत.”

“काका, विमानात नाही देत,” गायत्री पलीकडून म्हणाली. “तिकडे उतरल्यावर शिक्का मारतात. मग कार्ड पोस्टाने घरी येतं. त्याची फी मी ऑनलाइन भरलीय.”

“सुवर्णानी सांगेल शे मले,” धुडकूभाऊ म्हणाले आणि प्रश्न मिटला.

सुवर्णा ही या दोघा भावांची बहीण. नर्स होऊन न्यू जर्सीला गेली, तिकडचीच नागरिक झाली आणि गायत्री दुडूदुडू चालत होती तेव्हा तिने लक्ष्मणला तिकडे बोलावून घ्यायला त्याच्या नावाची फाइल टाकली. पोरगी कॉलेजात गेली तेव्हा कुठे त्या फाइलीला पाय फुटले. आता सुवर्णा दूर झोपलेली होती, तिकडे रात्र होती, त्यामुळे धुडकूभाऊ तिच्या नावावर वाटेल ते खपवू शकत होते. लक्ष्मणलाही त्यांनी परवाच सल्ला दिला होता, की बायामाणसांना पुढे धाड, तू दिवाळीनंतर निवांत जा. फाइल लक्ष्मणच्या नावाची आहे, तो आधी किंवा बरोबर गेल्याशिवाय बायको-मुलीला आत घेतच नाहीत, हे गायत्रीने इंटरनेटवर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, इंटरनेटवर कायबी लिहेल ऱ्हास. भेस्तानच्या घराची किल्ली मात्र त्यांनी आधीच मागून ठेवली होती. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते सीताला नव्याने शिकायचं नव्हतं.

आज गायत्रीचा साखरपुडा होता. पुढच्या महिन्यात तिघं उडणार. पोरगी तिकडे पोचून स्थिरावली की परत येऊन लग्न करणार, मग मुलाची फाइल टाकणार, दोनेक वर्षांत तो जाणार, असं सरळ ठरलेलं. मुलगा लोकेश कडोदऱ्याचा. बापाचे कापड विणायचे लूम होते, आणि तो स्वतः कॉम्प्युटरवर साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं काढायचा. गायत्रीशी त्याची ओळख कॉलेजातली. दोन्ही घरांनी ती गोष्ट स्थळ म्हणून आलेली असल्याचं भासवलं आणि दोन्ही घरांना ते पटलंही. सीताला पोरगा आवडला नव्हता, नावडलाही नव्हता. प्रत्येक वाक्याआधी बापाकडे बघायची त्याची सवय तेवढी तिच्या डोळ्यात भरली होती. ती सवय तिला ओळखीची होती. तसल्याच एका माणसाशी तिने बावीस वर्षं संसार केला होता.

कडोदऱ्याची मंडळी तीन गाड्या भरून आली. पुढे दत्तूआप्पा, लोकेशचे वडील, पांढऱ्या सफारीत. मागे त्यांची बायको, हातात साडीचा ट्रे, त्यावर प्लास्टिकचा मोर. ओटी भरली, साखरेचा पुडा दिला, अंगठ्या घातल्या. गायत्रीची अंगठी थोडी घट्ट होती, लोकेशने ती हळूच फिरवत चढवली आणि काहीतरी पुटपुटला. गायत्री हसली. सीतालाही, का कोण जाणे, तेवढा वेळ बरं वाटलं.

तेवढ्यात धुडकूभाऊंनी माइक हातात घेतला.

“मंडळी, शांतता! दोन्हीकडना मानसं जमेल शेतस. भटजी बठेल शे. वरण-बट्टी तयार शे. मंग परत खर्च कसाले? साखरपुड्यातच लगीन लाई टाकूत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात नवल काही नव्हतं. समाजात ही पद्धतच पडली होती. साखरपुड्याला म्हणून जमायचं, कुणीतरी थोरल्याने उठून पुकारा करायचा, तासाभरात हळद आणि दुपारी अक्षता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, ‘साखरपुड्यातच विवाह उरकून समाजापुढे ठेवला आदर्श’, आणि फोटोत नवरा-नवरीपेक्षा पुढारी मोठे. धुडकूभाऊंनी असे तीन आदर्श ठेवले होते, तिन्ही कात्रणं त्यांच्या पाकिटात असत. हा चौथा, आणि त्यात नवरी अमेरिकेची! त्यांच्या डोळ्यांना आत्ताच बातमी दिसत होती.

सीता लक्ष्मणजवळ गेली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दादा म्हणत होता सकाळी.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, बघू.”

“मुंबईला वकिलातीत काचेपलीकडची बाई काय म्हणाली? तुम्ही माझ्याच शेजारी उभे होतात ना?”

“म्हणाली होती काहीतरी.”

“काहीतरी नाही. चांगलं मराठीतून समजावलं त्या दुभाष्याने. पोरीला व्हिसा मिळालाय तो बिनलग्नाची म्हणून. अमेरिकेत पाऊल पडेपर्यंत लग्न करायचं नाही. केलं तर व्हिसा बाद. तुम्ही मान डोलावलीत, मी पाहिलं.”

“हळू बोल. पाहुणे आहेत.”

“पाहुणे आहेत म्हणूनच बोलतेय.”

“दादाला मी कसं सांगू? टाळ्या वाजल्या ना आता.”

टाळ्या वाजल्या ना आता! सीताला वाटलं, या माणसाला उद्या कुणी टाळ्या वाजवून विहिरीत उडी मारायला सांगितली तर हा फक्त चपला कुठे काढू एवढंच विचारील. तिने त्याला तिथेच सोडलं आणि व्यासपीठाकडे निघाली. स्वयंपाकघरातून कुणाची तरी आत्या हळदीचं वाटण घेऊन बाहेर येतच होती. एवढी चपळाई या बायकांनी कुणाला दवाखान्यात न्यायच्या वेळी कधी दाखवली नव्हती.

“भाऊ, लग्न आज होणार नाही,” ती धुडकूभाऊंना म्हणाली. “गायत्रीचा व्हिसा जाईल.”

धुडकूभाऊ हसले. माइक चालूच होता, त्यामुळे ते हसू सगळ्या वाडीभर पसरलं.

“व्हिसा लागी गया ना? पासपोर्टवर चिकटाडेल शे ना? मंग तो काय उपटी काढतीन का?”

“हो. आत शिरताना विचारतात, लग्न झालंय का. झालं असेल तर तिथूनच परत.”

“मंग सांगानं, नई व्हयनं! अमेरिकानं सरकार भेस्तानमा देखाले येई ऱ्हायनं का?”

हशा पिकला. दत्तूआप्पा पुढे आले. त्यांची जीभ खानदेशातून निघायची आणि गुजरातीत पोचायची.

“बेन, तुम्ही टेन्शन नका घेऊ. रजिस्टर नाही करायचं ना आत्ता. चार अक्षता टाकायच्या, बस. कागद नाही तर लग्न नाही. पुढच्या वर्षी पोरगी आली की परत कोर्टात करू. सरकारच्या हिशोबाने ते पहिलं, आपल्या हिशोबाने दुसरं. चालशे!”

“मग आज कशाला? पुढच्या वर्षीच करू ना पहिलं.”

उत्तर दत्तूआप्पांच्या बायकोने दिलं, आणि बिचारी खरं बोलून गेली.

“तिकडे गेल्यावर पोरी बदलतात हो. गाठ मारलेली असली म्हणजे आमच्या लोकेशचं तिकडे जाणं पक्कं.”

म्हणजे हे होतं तर. सुनेला बांधून ठेवायचं, कारण सून म्हणजे तिकीट. सीताला राग आला नाही, उलट डोकं थंड झालं. समोर चाळीसेक मोबाइल वर धरलेले होते. फोटोग्राफरचा एक पोरगा तर सगळा कार्यक्रम थेट यूट्यूबवर सोडत होता. मागे फ्लेक्सवर लोकेश आणि गायत्रीच्या नावांखाली दत्तूआप्पांचा फोटो, जावयाच्या दुप्पट. आणि ही माणसं गुपित राखणार होती.

“कुणाला कळणार नाही म्हणता, आणि ते काय चाललंय?” तिने यूट्यूबकडे बोट दाखवलं.

“बंद करू,” धुडकूभाऊ म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “मंग पेपरमा कसं येई?”

सुभद्राबाई मधे पडल्या. “सीता, मोठासना शब्द मोडाना नई. मनं लगीन तर शेतमा व्हयनं व्हतं. कोठे काय अडनं?”

“तुम्हाला अमेरिकेला जायचं नव्हतं, आत्याबाई.”

“तुले जानं शे म्हनीसनी तू पोरनं लगीन मोडस का?” सासूबाईंचा आवाज चढला. चारचौघी बायकांनी माना हलवल्या. कशी बाई ही, स्वतःच्या अमेरिकेपायी लेकीच्या सुखावर उठली. मगाशी ह्याच चारचौघी पासपोर्टवर कुंकू लागू दिलं नाही म्हणून हळहळत होत्या. सीताने नवऱ्याकडे पाहिलं. लक्ष्मण भटजींना पाणी देत होता.

आणि गायत्री? गायत्री पाटावर बसून होती. व्हिसाचा नियम तिला आईपेक्षा जास्त ठाऊक होता. प्रत्येक ओळ तिनेच वाचून आईला समजावली होती. आत्ता ती कुणाकडेच बघत नव्हती, मांडीवरच्या साखरेच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. सीताला वाटलं, पोरगी घाबरली. आता आपणच काय ते केलं पाहिजे.

तिने धुडकूभाऊंच्या हातातून माइक घेतला. त्यांना काही कळायच्या आत घेतला, कारण बायकांनी माइक घ्यायची सवय त्या वाडीला नव्हती.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “लग्न लावा.”

पुन्हा टाळ्या. धुडकूभाऊंनी कपाळाचा घाम पुसला.

“पण मी खोटं बोलणार नाही आणि पोरीला बोलू देणार नाही. आज अक्षता पडल्या की उद्या सकाळी मी स्वतः मुंबईला फोन करून सांगणार, की माझ्या मुलीचं लग्न झालं. तिचा व्हिसा रद्द होईल. होऊ दे. तिचे वडील आणि मी जाऊ. गायत्री राहील कडोदऱ्याला, सासरी. लूमवर बॉबिन भरील, सासू-सासऱ्यांची सेवा करील. अमेरिकेला पुढे कधी जाईल, जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही. हे कबूल असेल तर आत्ता या क्षणी हळद आणा. भटजी, मुहूर्त कसा आहे म्हणालात?”

लांब कुठल्यातरी कारखान्यातले लूम ऐकू यायला लागले. भटजींनी दत्तूआप्पांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पंचांगाकडे.

“मुहूर्त तसा... होता. आता थोडा सरत आलाय.”

“मगाशी सोन्यासारखा होता!”

“सोन्यासारखाच, पण सकाळचा.”

“आणि लोकेशचे मोठे मामा आलेले नाहीत,” दत्तूआप्पांच्या बायकोला आठवलं. “मामाशिवाय कसं लावायचं लग्न?”

“हो ना,” दत्तूआप्पा म्हणाले. “घाईत नको. सगळं रीतसर पाहिजे. बेन बोलतात ते बरोबर आहे. कायदा म्हणजे कायदा.”

कोल्हा काकडीला राजी होतो, हे तर काकडी हातची जाते म्हटल्यावर पळतच सुटले. धुडकूभाऊंचा आदर्श असा डोळ्यांदेखत हवेत विरला. सीताच्या अंगात वारं भरलं होतं. इतक्या वर्षांत या माणसांना तिने मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ताटं वाढताना, मजुरीवर आणलेल्या साड्यांना टिकल्या चिकटवताना, आणि आज प्रथमच तिच्या हातात माइक होता. तिथे ती थांबली असती तर काम झालेलं होतं. लग्न टळलं होतं, साखरपुडा शाबूत होता. पण ती थांबली नाही.

“लोकेशराव,” ती म्हणाली, “तुमच्या आईवडिलांचं कळलं. तुम्ही सांगा. पोरगी पाहिजे, की व्हिसा?”

लोकेशने बापाकडे पाहिलं. मग गायत्रीकडे पाहिलं. मग त्याने सीताकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“मासी, मला थोडा टाइम द्या ना. असं एकदम... मी विचार करून सांगतो.”

सीता हसली. जोरात हसली, आणि माइक तोंडाशीच होता.

“टाइम? अर्ध्या तासात बोहल्यावर चढायला निघाला होतात, तेव्हा नाही लागला तो टाइम? की व्हिसावाल्या पोरीला टाइम लागत नाही, बिनव्हिसाच्या पोरीलाच लागतो?”

सगळी वाडी हसली. मगाचच्या चारचौघी तर पदर तोंडाला लावून हसल्या. मोबाइल अजून वर होतेच.

दत्तूआप्पांचा चेहरा सफारीहून पांढरा झाला. “मना पोऱ्याना अपमान? भर समाजमा?” गुजराती गळून पडली, खानदेश तेवढा उरला. “आम्हले काय पोरी नई भेटतीस? चाल रे लोकेश. उठा सगळा! नई करनं आम्हले हाई सोयरीक!”

“आप्पा, असं काय करता,” धुडकूभाऊ धावले. लक्ष्मणने चक्क हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दत्तूआप्पांच्या बायकोने मोरासकट ट्रे उचलला, ओटीतला नारळ तेवढा सोडला, आणि गायत्रीपुढे हात पसरला.

“अंगठी.”

गायत्रीने अंगठी ओढली. ती निघेना. तिने बोट तोंडात घालून पाहिलं, पिळून पाहिलं, सांध्याशी कातडी लाल झाली. सगळे बघत उभे राहिले. सीता पुढे व्हायला गेली तर गायत्रीने नुसती मान हलवून तिला थांबवलं. शेवटी ती उठली, मगाशी वाटण घेऊन आलेल्या त्या आत्याच्या हातातल्या, तेल घातलेल्या हळदीच्या वाटीत तिने बोट बुडवलं, फिरवलं, आणि अंगठी सुटून आली. तशीच हळदीने माखलेली ती तिने समोरच्या तळहातावर ठेवली.

लोकेश दारापाशी थांबला होता. त्याच्या बोटातली अंगठीही बहुधा निघत नसावी, कारण तो ती सारखी चाचपत होता. बापाने गाडीतून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग तो गेला.

गायत्री कपडे बदलायच्या खोलीत शिरली. सीता तिच्या मागोमाग आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

“सुटलीस,” सीता म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. “पाहिलंस ना, काय माणसं होती? तिकिटाशी लग्न लावत होते. बरं झालं, आत्ताच कळलं.”

गायत्री केसातल्या पिना काढत होती.

“बोल ना गं. रडायचं तर रड.”

“मला बोलायचं होतं आई,” गायत्री म्हणाली. “मगाशी. मी नाही म्हणणार होते. लग्न आज करणार नाही, नियम असा आहे, पुढच्या वर्षापर्यंत थांबा, असं मी उठून सांगणार होते. लोकेशलाही काल रात्री फोनवर सांगितलं होतं, काका असं काहीतरी करतील, तर तू गप्प बस, मी बोलेन. म्हणून तो गप्प होता.”

सीता बाजेवर बसली. “मग बोलायचंस ना!”

“धीर गोळा करत होते. तुझ्यासारखं पटकन नाही जमत मला. तोवर तू माइक घेतलास.” तिने पिना एकेक करून खिडकीत ठेवल्या. “घेतलास ते ठीक केलंस. तू त्यांना गप्प केलंस तेव्हा मलाही बरं वाटलं. मग त्याला कशाला विचारलंस?”

“कळायला नको का, कसा आहे ते?”

“मला माहीत होतं कसा आहे ते. भित्रा आहे. बापापुढे त्याची जीभ उचलत नाही. कडोदऱ्यातून निघाला असता तर शिकला असता. दोन वर्षं होती आमच्याकडे. तू त्याला दोन मिनिटं दिलीस, आणि तीसुद्धा माइकवर.”

“त्याने तुझं नाव घ्यायला हवं होतं. पोरगी पाहिजे, एवढंच तर म्हणायचं होतं.”

“तो टाइम मागत होता, आई. नाही नव्हता म्हणाला. तू हसलीस.”

सीताला पुष्कळ बोलता आलं असतं. असल्या नवऱ्याच्या पदरी पडलं की काय होतं ते तिच्याहून जास्त कोण सांगणार? भित्रा माणूस शिकत नसतो गं, बावीस वर्षं मी वाट पाहतेय. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण लोकेश खरंच शिकला नसता हे आता तिला कुणापुढेही सिद्ध करता येणार नव्हतं, स्वतःपुढेही नाही. आपण खोटे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

“तुला यायचं नसेल तर...” ती म्हणाली.

“येणार आहे मी. व्हिसा माझा आहे. मी मुंबईला उत्तरं दिलीत त्याच्यासाठी.” गायत्रीने पाठ फिरवली. “आता बाहेर जा. मला साडी सोडायचीय.”

बाहेर पंगती बसल्या होत्या. बट्टीवर तूप पडत होतं आणि वाडीतलं वारं फिरलं होतं. “आम्ही म्हणतच होतो, लोक बरे नाहीत,” असं त्या चारचौघी एकमेकींना सांगत होत्या. धुडकूभाऊ एका पाहुण्याला खांद्याला धरून समजावत होते, की अमेरिकेच्या कायद्यात बिनलग्नाची म्हणजे बिनलग्नाचीच लागते, सुवर्णानी मले पहिलेच सांगेल व्हतं, म्हनीसनी तर मी सीताले माइक दिधा. एरवी एवढ्या ऐवजावर सीताने महिनाभर तोंडसुख घेतलं असतं. आज ती नुसती त्यांच्या बाजूने निघून गेली.

सुभद्राबाईंनी तिला हात धरून जवळ बसवलं. स्वतःच्या ताटातली बट्टी मोडून तिच्या ताटात घातली.

“वाघीन शेस तू,” त्या म्हणाल्या. “मना पोऱ्याले नई जमनं ते तू करं. खाय.”

लग्न होऊन या घरात आल्यापासून असा एक शब्द ऐकायला ती आसुसली होती. किती सण केले, घरातली किती बाळंतपणं उरकली, या बाईची किती दुखणी काढली, पण तिच्या तोंडातून कौतुकाचा ब्र निघाला नव्हता. आज निघाला तो असा. तिने घास तोंडात घातला. तो घोळत राहिला.

जेवणं उरकली तेव्हा लक्ष्मणने दोन रिक्षा बोलावल्या. गायत्री रोजच्या पंजाबी ड्रेसात बाहेर आली. तिने आजीला धरून पहिल्या रिक्षात बसवलं, स्वतः शेजारी बसली. सीताने आत बसायला पाय उचलला तेवढ्यात गायत्रीने मधे पिशवी ठेवली.

“बाबा, तुम्ही इकडे बसा,” ती म्हणाली. “आई मागच्या रिक्षाने येईल.”